नागपूरच्या जुन्या सभागृहाची नामावली : कामाच्या नोंदी

१० जून

आजपासून कामाला हात घातला. मध्यप्रांत व वऱ्हाडची विधानसभा, म्हणजे १९३७ ते १९५६ या काळात नागपुरात भरत असलेलं सभागृह. त्याची सदस्यवार नामावली मराठीत उभी करायची. कोण निवडून आलं, कुठून आलं, कोणत्या प्रकारच्या जागेवरून आलं. अध्यक्षपदी कोण, मंत्रिमंडळात कोण. आणि शेवटी प्रांत फुटला तेव्हा कोण कुठल्या सभागृहात गेलं.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. डिसेंबरात अधिवेशन आलं की वर्गातली मुलं सिव्हिल लाइन्समधला बंदोबस्त बघतात, मोर्चे बघतात, आमदार निवासासमोरच्या गाड्या बघतात. त्यांना वाटतं, मुंबईची विधानसभा थंडीपुरती आपल्या गावी पाहुणी येते. याच गावात बसून बुलढाण्यापासून बिलासपूरपर्यंत आणि सागरपासून चांद्यापर्यंतचा (आजचं चंद्रपूर) कारभार चालायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं.

भोपाळच्या विधानसभेचा जन्म १९५६ चा. मुंबईची परंपरा मुंबई इलाख्याच्या कौन्सिलातून, म्हणजे ब्रिटिश काळातल्या प्रांतिक कायदेमंडळातून आलेली. आमचं सभागृह या दोघांच्या मधे पडलं. ज्या घराच्या वाटण्या झाल्या त्याची वंशावळ जिथे ते घर होतं त्या गावानं ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

भाचा मदतीला आहे. तक्ता आणि नकाशा त्याच्याकडे, नावं आणि टिपणं माझ्याकडे.

१५ जून

११२ जागांचा हिशेब मांडला. ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यानं या प्रांताला दिलेल्या जागा अशा: सर्वसाधारण ८४, त्यांपैकी २० अनुसूचित जातींसाठी राखीव. मुस्लिम १४. स्त्रियांसाठी ३, जमीनदार ३, व्यापार-उद्योग २, कामगार २. मग एकेक जागा: मागास क्षेत्रं व जमाती, विद्यापीठ, अँग्लो-इंडियन, युरोपियन. बेरीज बरोबर जुळते.

त्या २० राखीव जागांचा आकडा १९३२ च्या पुणे करारातला आहे, तोच इथे उतरला. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच आकड्यानं. गोंड, कोरकू, बैगा, माडिया, हलबा अशा जमातींनी भरलेल्या या प्रांतात जमातींच्या नावाची जागा एक, आणि मूठभर युरोपियनांचीही जागा एक. भाच्याला तो रकाना ठळक करायला सांगितला. मुलांसमोर तक्ता ठेवला की सगळ्यांत आधी त्यावरच बोलायचं.

मतदानाचा हक्कही सरसकट नव्हता. जमीनमहसूल, कर, घरभाडं, शिक्षण अशा कसोट्यांतून जो उतरेल तोच मतदार. तेव्हा ‘निवडून आले’ हे शब्द १९३७ च्या आणि १९५२ च्या यादीत एकाच वजनाचे नाहीत. दोन्ही याद्यांच्या माथ्यावर तसं एक वाक्य लिहून ठेवलं.

२१ जून

नावं. इंग्रजी कागदपत्रांत सगळे अद्याक्षरांनी येतात. एन. बी. खरे म्हणजे डॉ. नारायण भास्कर खरे, पी. बी. गोले म्हणजे पुरुषोत्तम बळवंत गोले, हे सरळ आहेत. पण ‘देशमुख’ आले की प्रत्येक ठिकाणी गाव, व्यवसाय आणि साल तपासावं लागतं. वऱ्हाडात देशमुखांना तोटा नाही. पंजाबराव वेगळे, रामराव वेगळे, आणि दोघांचीही प्रांताच्या राजकारणात स्वतंत्र वाट आहे. नियम असा केला: जोवर पूर्ण नावाची दोन वेगळ्या ठिकाणांहून खात्री होत नाही, तोवर अद्याक्षरंच ठेवायची, अंदाजानं नाव फोडायचं नाही.

२४ जून

पक्षाच्या रकान्याआधी ‘भाग’ असा रकाना घातला. महाकोशल, नागपूर, वऱ्हाड. या एका प्रांतात काँग्रेसच्याच तीन प्रांतिक समित्या होत्या: हिंदी भागासाठी महाकोशल, चार मराठी जिल्ह्यांसाठी नागपूर, आणि वऱ्हाडासाठी विदर्भ. नुसतं ‘काँग्रेस’ लिहून त्या सभागृहातलं काहीच कळत नाही. सदस्य महाकोशलचे जास्त, राजधानी मात्र मराठी मुलखात. सगळी ओढाताण या शिवणीवर आहे.

शेजारचे काका अकोल्याकडचे. भूमिअभिलेखात नोकरी झाली त्यांची. संध्याकाळी तक्ता बघायला आले आणि म्हणाले, “पोरी, आमच्या वऱ्हाडाले नागपुराच्या यादीत नुसतं बसवू नको. वऱ्हाड येगळं होतं. निजामाचं होतं ते.”

“म्हणूनच तर वेगळा रकाना केलाय, काका.”

“रकान्यानं काय होते? का होतं येगळं, ते लिही ना.”

बरोबर आहे त्यांचं. लिहिलं: वऱ्हाड १८५३ मध्ये निजामानं कंपनीकडे सोपवलं, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं दिलं, आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. मालकी कागदावर निजामाचीच. त्यामुळे १९२१ च्या कौन्सिलात वऱ्हाडातून लोकांनी निवडलेल्या माणसालाही सरकारनं पुन्हा ‘नियुक्त’ करावं लागे, कारण कायद्यानं तो मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हता. लोकांनी मत दिलं तरी वर सरकारी शिक्का हवा. काकांना वाचून दाखवलं. समाधान झालं.

३ जुलै

१९३७ च्या आधीचं थोडं लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून कौन्सिलचं वेगळं पान केलं. मध्यप्रांताची कौन्सिल १९१४ पासून. मोंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये नवी, मोठी कौन्सिल आली आणि तिचे पहिले अध्यक्ष नागपूरचे सर गंगाधरराव चिटणवीस.

पुढचा भाग मी सविस्तर घेतला, कारण सगळ्या हिंदुस्थानात असं इथेच घडलं. १९२३ च्या निवडणुकीत, कौन्सिलात शिरून आतून विरोध करायला निघालेल्या स्वराज्य पक्षाला निर्भेळ बहुमत मिळालं ते फक्त मध्यप्रांतात. बंगालमध्ये ते सर्वांत मोठे होते, पण बहुमत इथलं. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे इथल्या पक्षातलं आघाडीचं नाव. त्यांनी मंत्रिपदं घेतली नाहीत. मंत्र्यांवर अविश्वास आणला, अंदाजपत्रक फेटाळलं, आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये करून ठेवला. दोन रुपयांत मंत्री राहणार कोण? गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना सोपीव, म्हणजे मंत्र्यांकडे सोपवलेली, खाती स्वतःच्या हातात घ्यावी लागली. द्विदल राज्यपद्धती, म्हणजे काही खाती मंत्र्यांकडे आणि बाकीची गव्हर्नरकडे ठेवणारी रचना, पोकळ आहे, हे भाषणांत अनेकांनी सांगितलं. नागपूरच्या सभागृहानं ती चालू न देऊन दाखवलं.

आणि त्याच सभागृहातून पक्षाला तडाही गेला. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे स्वराज्य पक्षाचे, कौन्सिलचे अध्यक्ष. सर मोरोपंत जोशी यांच्यानंतर गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं गृहखात्याचं पद १९२५ मध्ये त्यांनी स्वीकारलं. मोतीलाल नेहरू संतापले. केळकर, जयकर, मुंजे यांचं म्हणणं उलट, आणि त्यातून प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकार जसं वागेल तशी त्याला साथ किंवा विरोध करणारा, पक्ष निघाला. तांबे १९२९ मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले. नामावलीत त्यांची नोंद तीन ठिकाणी येते: सदस्य, अध्यक्ष, कार्यकारी मंडळ. तिन्ही ठिकाणी एकमेकांचा हवाला दिला.

रावसाहेब गणेश आक्काजी गवई यांचं नावही या पानावर आहे. अस्पृश्य समाजाचा आवाज कौन्सिलात नेणाऱ्या वऱ्हाडातल्या पहिल्या माणसांपैकी ते.

४ जुलै

पंजाबराव देशमुखांची कौन्सिलमधली नोंद पूर्ण. १९३० मध्ये निवडून, शिक्षण खात्याचे मंत्री, १९३३ मध्ये बाहेर. केंद्रात कृषिमंत्री म्हणून सगळे त्यांना ओळखतात, पण मंत्रिपदाची पहिली पाटी नागपुरातली.

१२ जुलै

१९३७. निवडणुकीत काँग्रेसला स्पष्ट बहुमत, तरी पहिलं मंत्रिमंडळ काँग्रेसचं नाही. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून कारभारात ढवळाढवळ करणार नाही, अशी हमी काँग्रेसला हवी होती. ती वाटाघाट संपेपर्यंत १ एप्रिलपासून बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव यांचं हंगामी मंत्रिमंडळ. भाचा म्हणाला, “मावशी, हे तीन-साडेतीन महिनेच आहेत, तळटीप करू का?” नाही. ज्यांच्या सहीनं आदेश निघाले त्यांची ओळ पूर्ण हवी.

जुलैत डॉ. खरे यांचं मंत्रिमंडळ. रविशंकर शुक्ल (रायपूर), द्वारकाप्रसाद मिश्र (जबलपूर), दुर्गाशंकर मेहता (शिवनी), पुरुषोत्तम गोले आणि रामराव देशमुख (वऱ्हाड), आणि एम. वाय. शरीफ. यादीकडे नुसतं बघितलं तरी तोल दिसतो: तीन महाकोशलचे, दोन वऱ्हाडचे, मुख्य नागपूरचा. एकाच पक्षाचं सरकार, पण आतून तीन भागांचं.

अध्यक्ष दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त. १९३७ पासून १९५२ पर्यंत तेच. इतका लांब काळ, मधे युद्ध, गव्हर्नरची राजवट, स्वातंत्र्य, संविधान, आणि खुर्चीवर एकच माणूस. संविधानाच्या हिंदी भाषांतराच्या समितीचे प्रमुखही तेच होते.

उपाध्यक्ष अनसूयाबाई काळे. यांच्यासाठी मी मुद्दाम वेळ काढला. १९२८ मध्ये कौन्सिलवर नियुक्त, १९३० च्या आंदोलनात राजीनामा, १९३७ मध्ये विधानसभेत आणि थेट उपाध्यक्षपदी. स्त्रियांच्या जागा तीन, आणि त्या काळात सभागृह चालवायला खुर्चीवर बाई बसली ती नागपुरात. पुढे १९५२ आणि १९५७ मध्ये त्या नागपूरहून लोकसभेवर गेल्या. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीनं हे नाव ऐकलेलं नव्हतं. नामावलीचं पहिलं भित्तिपत्रक त्यांच्यावर करायचं ठरवलं.

२० जुलै

आज तारीख जुळून आली म्हणून सगळा दिवस खरे प्रकरणालाच दिला.

मंत्रिमंडळात वर्षभर धुसफूस होती. शरीफ यांना कैद्यांच्या सुटकेच्या प्रकरणात जावं लागलं होतं. मे १९३८ मध्ये पंचमढीला, म्हणजे प्रांताच्या उन्हाळी राजधानीत, पक्षश्रेष्ठींसमोर समेट झाला. टिकला नाही. २० जुलै १९३८ ला डॉ. खरे यांनी राजीनामा दिला, गोले आणि देशमुख यांनीही दिला. शुक्ल, मिश्र आणि मेहता म्हणाले, पक्षानं सांगितल्याशिवाय आम्ही देणार नाही. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना रात्रीतच बडतर्फ केलं आणि २१ ला सकाळी खऱ्यांचा नव्यानं शपथविधी झाला. या दुसऱ्या मंत्रिमंडळात गोले, देशमुख, ठाकूर प्यारेलाल सिंह आणि रामेश्वर अग्निभोज.

यातला कायद्याचा भाग मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. १९३५ च्या कायद्यात मंत्री नेमायचे गव्हर्नरनं आणि ते पदावर राहायचे त्याच्या मर्जीपर्यंत. मुख्यमंत्र्याच्या राजीनाम्याबरोबर सगळं मंत्रिमंडळ जातं, असं त्यात लिहिलेलं नव्हतं. म्हणून तिघांना ‘आम्ही आहोत तिथेच आहोत’ म्हणता आलं, आणि म्हणूनच गव्हर्नरला त्यांना काढता आलं. आजच्या संविधानात कलम १६४ मध्ये मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे आणि मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं होते. ती तरतूद पुस्तकात कोरडी वाटते. २० जुलैची रात्र सांगितली की तिची गरज पटते.

पक्षाच्या दृष्टीनं खऱ्यांचा दोष असा की त्यांनी श्रेष्ठींना न विचारता गव्हर्नरच्या हाती अधिकार वापरू दिला. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष, कार्यकारिणी वर्ध्याला. मला वाटतं, भूगोलाचा यात मोठा वाटा आहे. दुसऱ्या कुठल्याही प्रांताच्या मुख्यमंत्र्याच्या दारात काँग्रेसची कार्यकारिणी अशी बसलेली नव्हती. गांधीजी सेवाग्रामला, पक्षाचा दरबार वर्ध्यात, आणि सचिवालय नागपुरात. मधे फक्त रेल्वेचा छोटा प्रवास. २३ ला खऱ्यांनी वर्ध्यात राजीनामा दिला, २७ ला विधिमंडळ पक्षानं शुक्लांना नेता निवडलं, २९ ला शुक्लांचं मंत्रिमंडळ आलं. त्यात छगनलाल भारुका आणि गोखले हे नवे.

नागपुरात लोकांना हे कसं लागलं असेल? मराठी भागाचा मुख्यमंत्री गेला आणि महाकोशलचा आला. खऱ्यांनी शिस्त मोडली हे खरंच, पण त्याबरोबर मराठी भागाचं राजकीय वजनही गेलं, आणि १९५६ पर्यंत ते परत आलं नाही. मुख्यमंत्रिपद शेवटपर्यंत शुक्लांकडे राहिलं. ‘भाग’ हा रकाना मी पक्षाआधी का घातला, त्याचं उत्तर या नऊ दिवसांत आहे.

खऱ्यांचं दुसरं मंत्रिमंडळ तक्त्यात स्वतंत्र ओळीत ठेवलं. अग्निभोज यांचं नाव त्यामुळे योग्य जागी येतं. प्रांताच्या मंत्रिमंडळात अनुसूचित जातीचा माणूस बसला तो त्या अल्पजीवी मंत्रिमंडळात, आणि पुढे १९४६ मध्ये शुक्लांच्या मंत्रिमंडळात ते पुन्हा आले.

खरे नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, अलवर संस्थानचे पंतप्रधान, हिंदू महासभेचे अध्यक्ष, आणि ग्वाल्हेरहून लोकसभेत. ‘पुढे काय’ या रकान्यात सगळं बसवलं.

२६ जुलै

पाऊस, वीज गेली, काम नाही.

९ ऑगस्ट

सदस्यांच्या नावांसोबत सभागृहानं केलेले कायदेही थोडक्यात द्यावेत असं ठरवलं, नाहीतर नामावली नुसती हजेरीची वही होते. शुक्लांच्या काळातली खेड्यांत शाळा काढण्याची विद्यामंदिर योजना आली, दारूबंदी आली.

पण खरा ठेवा सापडला तो पेट्रोलवरच्या करात. १९३८ मध्ये या सभागृहानं मोटर स्पिरिट आणि वंगण तेलाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवणारा कायदा केला. केंद्र सरकारचं म्हणणं, हे उत्पादन शुल्क आहे आणि ते आमच्याकडे. प्रश्न गव्हर्नर जनरलनी फेडरल कोर्टाकडे, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाआधीच्या संघ न्यायालयाकडे, धाडला. ते कोर्ट नुकतंच सुरू झालं होतं, सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश, आणि त्याच्यापुढे आलेला हा अगदी पहिला मामला. डिसेंबर १९३८ मध्ये निकाल: प्रांताचा कायदा वैध. विक्रीवरचा कर प्रांताचा, उत्पादनावरचा शुल्क केंद्राचा.

राज्यांनी पुढे कितीतरी वर्षं विक्रीकरावर जो कारभार चालवला त्याचा पाया इथे घातला गेला. वस्तू व सेवा कर येईपर्यंत केंद्र आणि राज्य यांच्यातल्या करवादांत या निकालाचं नाव निघायचं. आज नागपुरातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर उभं राहून हे मुलांना सांगता येईल.

७ सप्टेंबर

पोळा, मारबत, गणपती यांच्या धांदलीतून आज वेळ मिळाला. १ ऑक्टोबर १९३८ ची नोंद घातली. मराठी जिल्ह्यांचा वेगळा महाविदर्भ प्रांत करावा, असा ठराव या सभागृहानं त्या दिवशी संमत केला. खरे प्रकरणाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. ठराव एकटा वाचला तर भाषिक मागणी दिसते. जुलैच्या नोंदीशेजारी ठेवला की त्यातला दुखावलेपणाही दिसतो. आणि महाकोशलची मंडळीही त्याला आडवी आली नाहीत. त्यांनाही एकभाषी प्रांत सोयीचाच होता.

काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्या लहानपणी घरात या ठरावाचं नाव निघे. तारीख मात्र कोणाले ठाऊक नव्हती.” तारीख मोठ्या अक्षरात छापायची, असा त्यांचा आग्रह. मान्य.

१४ सप्टेंबर

नोव्हेंबर १९३९ ते एप्रिल १९४६. युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली गव्हर्नरची राजवट. सभागृहाच्या तक्त्यात ही जागा कोरी राहते, पण सदस्य कुठे होते ते लिहिता येतं: पुष्कळ जण तुरुंगात. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात पवनारहून विनोबांनी केली, तेही याच प्रांतातलं. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी आणि चिमूर इथले उठाव. तिथल्या फाशीच्या कैद्यांचे प्राण वाचावेत म्हणून झटणाऱ्यांत अनसूयाबाई काळे पुढे होत्या. सभागृह बंद असताना उपाध्यक्षांनी केलेलं हे काम. मी ते त्यांच्या ओळीतच लिहिलं.

२८ सप्टेंबर

१९४६ ची विधानसभा. एप्रिलमध्ये पुन्हा शुक्ल. गृहखातं मिश्रांकडे. सनदी नोकरी सोडून आलेले रा. कृ. पाटील मंत्रिमंडळात. १९४८ मध्ये मिश्रांची जनपद योजना कायद्यात उतरली: जिल्ह्यापेक्षा तहसीलच्या पातळीवर कारभार नेण्याचा तो प्रयत्न.

या सभागृहाचं सर्वांत मोठं काम मात्र दिल्लीत दिसतं. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडायचे होते; मध्यप्रांत-वऱ्हाडच्या वाट्याला १७ जागा. शुक्ल आणि अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त स्वतः, पंजाबराव देशमुख, ब्रिजलाल बियाणी, सेठ गोविंददास, ह. वि. कामत, सर हरिसिंह गौर, जबलपूरचे फ्रँक अँथनी, नागपूरचे हेमचंद्र खांडेकर, लक्ष्मण श्रावण भटकर, सतनामी समाजाचे गुरू आगमदास. भाग, भाषा, जात, धर्म सगळं या एका यादीत आहे.

आणि काझी सय्यद करीमुद्दीन. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी सुचवलेली दुरुस्ती अशी की माणूस, त्याचं घर, त्याचे कागद यांची विनाकारण झडती होऊ नये, हा हक्क संविधानात लिहावा. ती शेवटी आली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, त्या निकालात संविधान सभेतली ही चर्चा पुन्हा उघडली गेली. नागपूरच्या सभागृहानं पाठवलेल्या माणसाचं म्हणणं जवळपास सत्तर वर्षांनी कामी आलं. हे वाचताना मला फार बरं वाटलं.

सुभद्राकुमारी चौहान याही या सभागृहाच्या सदस्य, जबलपूरच्या. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांना नागपुरातच अटक झाली होती. १५ फेब्रुवारी १९४८ ला, वसंत पंचमीला, नागपूरचं काम आटोपून परतताना शिवनीजवळ मोटार अपघातात त्या गेल्या. ‘जागा रिक्त, कारण’ हा रकाना त्यांच्या नावासाठी भरावा लागला.

१९ ऑक्टोबर

१९५२. यादी एकदम रुंद होते. २६ जानेवारी १९५० पासून प्रांताचं नाव मध्य प्रदेश, राजधानी नागपूरच. बस्तर, सुरगुजा, रायगड, नांदगाव ही छत्तीसगडकडची संस्थानं १९४८ मध्ये आत आलेली. प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक: १८४ मतदारसंघ, २३२ जागा, काँग्रेसला १९४. मतदारसंघ कमी आणि जागा जास्त, कारण ४८ ठिकाणी एकाच मतदारसंघातून दोन सदस्य निवडायचे होते. तक्त्यात त्या मतदारसंघांना दोन ओळी दिल्या.

मुलांना चकित करणारा भाग: महाराष्ट्राचे दोन मुख्यमंत्री आधी ‘मध्य प्रदेशचे आमदार’ होते. चांदा जिल्ह्यातून मारोतराव कन्नमवार, शुक्लांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री. पुसदहून वसंतराव नाईक, महसूल खात्याचे उपमंत्री. कन्नमवार नोव्हेंबर १९६२ मध्ये मुख्यमंत्री झाले, वर्षभरात गेले. त्यानंतर डिसेंबर १९६३ पासून १९७५ पर्यंत नाईक. इतका लांब काळ महाराष्ट्र ज्याच्या हाती राहिला, त्यानं कारभाराचे पहिले धडे नागपूरच्या सचिवालयात गिरवले. पूर्वीच्या मॉरिस कॉलेजला आज त्यांचं नाव आहे, तिथून विधानभवन पायी काही मिनिटांवर.

अर्थमंत्री ब्रिजलाल बियाणी, अकोल्याचे. हे वऱ्हाडचे पुढारी, शुक्लांचे सहकारी, आणि वेगळ्या विदर्भाचे कट्टर पुरस्कर्ते. तिन्ही गोष्टी एका माणसात, एकाच वेळी.

१ नोव्हेंबर

शेवटचा रकाना भरला: ‘१ नोव्हेंबर १९५६ नंतर’.

राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये आठ मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. झालं वेगळं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, महाकोशल नव्या मध्य प्रदेशात. सदस्यही तसेच वाटले गेले. मराठी जिल्ह्यांचे मुंबईच्या विधानसभेत, बाकीचे भोपाळला. भोपाळमध्ये १७ डिसेंबर १९५६ ला मिंटो हॉलमध्ये पहिली बैठक, अध्यक्षपदी कुंजीलाल दुबे, जे पूर्वी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. शुक्ल नव्या राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि ३१ डिसेंबरला दिल्लीत वारले. नागपुरातून बाहेर पडल्यावर दोन महिनेच.

त्यानंतर छत्तीसगड २००० मध्ये वेगळं झालं. म्हणजे या एका सभागृहाच्या मतदारसंघांचे वारस आज तीन विधानसभांत आहेत: मुंबई, भोपाळ, रायपूर. भाच्यानं नकाशावर तीन रंग दिले. घनश्यामसिंह गुप्तांचं दुर्ग एका रंगात, मिश्रांचं जबलपूर दुसऱ्या, खऱ्यांचं नागपूर तिसऱ्या. अधिवेशन नागपुरातही भरेल, ही नागपूर कराराची (मराठी भाग एका राज्यात आणण्यासाठी नेत्यांनी केलेल्या कराराची) अट त्या वाटणीची भरपाई म्हणून होती, हे नकाशा बघितल्यावर सांगावं लागत नाही.

७ डिसेंबर

अधिवेशनाची तयारी दिसायला लागली, सिव्हिल लाइन्समधल्या भिंतींना रंग लागले. शाळेत नामावलीचा पहिला भाग लावला: १९३७ च्या ११२ जागा, चार मंत्रिमंडळं, अध्यक्ष, उपाध्यक्ष. अनसूयाबाईंच्या भित्तिपत्रकापाशी मुलींची गर्दी जास्त होती. आठवीतल्या एकीनं विचारलं, “बाई, तीनच जागा का?” पुढचा तास त्यावरच झाला.

काका आले होते. वऱ्हाडच्या नावांवरून एकेक करून बोट फिरवलं. “आता कसं. आता बरोबर बसलं,” म्हणाले, आणि १ ऑक्टोबर १९३८ च्या चौकटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

२० डिसेंबर

राहिलेलं काम: १९४६ च्या सभागृहातल्या पोटनिवडणुका, १९५२ च्या दोन-सदस्यी मतदारसंघांतली राखीव जागांवरची नावं, विशेषतः छत्तीसगड आणि बस्तरकडची, कौन्सिलच्या पानावर वऱ्हाडच्या नियुक्त सदस्यांची पूर्ण यादी. भाचा तक्त्याचं हिंदी रूप करतोय, ते जबलपूर आणि रायपूरच्या शिक्षकांना पाठवू. त्यांच्याकडे महाकोशलच्या सदस्यांची पूर्ण नावं घराघरांत असतील, जशी आमच्याकडे वऱ्हाडची आहेत. बुलढाणा, यवतमाळ, भंडारा इथल्या ज्यांच्या घरी तेव्हाच्या आमदारांची पत्रं, निवडणुकीची पत्रकं किंवा सभागृहातले फोटो असतील, त्यांनी मूळ कागद आपल्याकडेच ठेवून नीट उजेडात काढलेला फोटो पाठवावा. पोटनिवडणुकांना जानेवारीत हात घालते.